कामगारांचा आरोग्य विमा मालकाने द्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी-चिंचवड परिसरातील लहान कारखान्यांची पगारपत्रके आणि कामगार विम्याची कामे मी अनेक वर्षे करीत आलो आहे. त्या काळात मालकांनी केबिनमध्ये बसवून आणि कामगारांनी गेटबाहेर थांबवून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जेथे कायदा आहे तेथे कायदा सांगितला आहे आणि जेथे माझे मत आहे तेथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

आजारपण ही प्रत्येकाची घरगुती बाब आहे. तिचा खर्च मालकाने का उचलावा?

पहिले कारण असे की, सगळेच आजारपण घरगुती नसते. फाउंड्रीतील धूळ, पावडर कोटिंगचा वास, वेल्डिंगचा धूर, आठ-आठ तास उभे राहून करायचे पॅकिंग आणि आठवड्याला बदलणारी रात्रपाळी यांचा शरीरावर जो परिणाम होतो, तो पगाराच्या चिठ्ठीत कोठेही दिसत नाही. दहा वर्षांनी खोकला सुरू होतो, तेव्हा तो कारखान्याचा की घराचा हे ठरवणे कोणत्याही डॉक्टरला सोपे नसते. म्हणूनच हा वाद घालत बसण्यापेक्षा कामातून निर्माण होणाऱ्या पैशातला एक ठराविक वाटा आजारपणासाठी आधीच बाजूला काढावा, ही कल्पना पुढे आली.

दुसरे कारण विम्याच्या गणितातले आहे. पंचेचाळीस वर्षांचा, रक्तातील साखर वाढलेला कामगार एकटा विमा घ्यायला गेला, तर त्याला हप्ता जास्त पडतो, जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते आणि काही वेळा अर्जच नाकारला जातो. तोच माणूस दोनशे जणांच्या गटात असला, तर त्याला वेगळे काढून कोणी प्रश्न विचारत नाही, कारण त्या गटात विशी-पंचविशीची मुलेही असतात. असा गट बांधण्याचे काम मालकाला सहज जमते, कारण हजेरीपट त्याच्याकडे तयारच असतो.

तेव्हा माझे उत्तर स्पष्ट आहे: मालकाने द्यावा. मात्र विम्याचा हक्क मालकाच्या मर्जीवर नसावा आणि नोकरी सुटताच तो संपू नये. पुढची बहुतेक उत्तरे या दुसऱ्या भागाविषयी आहेत.

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांच्यासाठी होय, आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे असतील तर. अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. ही राज्य कामगार विमा योजना, जिला सगळे ‘ईएसआय’ म्हणतात, १९४८ च्या कायद्याने निर्माण झाली. त्याआधी प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सरकारला दिला होता आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. धोकादायक कामे चालणाऱ्या ठिकाणी, सरकारने तशी अधिसूचना काढल्यास, एकच कामगार असला तरी योजना लागू करता येते.

२१,००० च्या वर पगार असणाऱ्यांसाठी मात्र मालकाने आरोग्य विमा काढलाच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा नाही. कोरोनाच्या काळात, १५ एप्रिल २०२० च्या आदेशात, केंद्रीय गृह मंत्रालयाने कामाच्या ठिकाणांसाठी वैद्यकीय विमा सक्तीचा केला होता. टाळेबंदी उठली तशी ती सक्तीही लोकांच्या विस्मरणात गेली. अनेक लहान कारखान्यांनी त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा गट विमा काढला होता आणि पुढच्या वर्षी तो चालू ठेवला नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

याचा खर्च किती येतो?

१ जुलै २०१९ पासून ईएसआयमध्ये मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. या वाट्यांनाच अंशदान म्हणतात. त्यापूर्वी हे दर अनुक्रमे ४.७५ आणि १.७५ टक्के होते. १८,००० रुपये पगाराच्या माणसामागे मालक महिन्याला ५८५ रुपये भरतो आणि कामगाराचे १३५ रुपये कापले जातात. ज्याची सरासरी रोजंदारी १७६ रुपयांपर्यंत आहे, त्याच्याकडून काहीही कापले जात नाही, पण मालकाचा वाटा भरावाच लागतो.

५८५ रुपये हा आकडा मालकांना मोठा वाटतो. त्यात कामगाराच्या संपूर्ण कुटुंबाचे उपचार येतात आणि वयानुसार हप्ता वाढत नाही, हे सांगितल्यावर बहुतेक जण शांतपणे पुढचा प्रश्न विचारतात.

आम्ही कामगारांना खासगी कंपनीचा चांगला गट विमा देतो. मग ईएसआय कशासाठी?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि बहुतेक वेळा तो चांगल्या हेतूने विचारलेला असतो. मालकाला खरोखर वाटते की कामगाराला मोठ्या खासगी रुग्णालयात, वातानुकूलित खोलीत उपचार मिळावेत. पण ईएसआय आणि मेडिक्लेम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मेडिक्लेम रुग्णालयाचे बिल भरतो. कामगाराच्या घरात आजारपणाने जे कोसळते ते केवळ बिलामुळे कोसळत नाही, पगार थांबल्यामुळेही कोसळते.

समजा, १८,००० रुपये मिळवणाऱ्या माणसाला कावीळ झाली आणि डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. रुग्णालयात तो चार दिवस राहिला. मेडिक्लेमने त्या चार दिवसांचे पैसे दिले. उरलेल्या दिवसांचे घरभाडे, दूध, मुलांची फी आणि पतपेढीचा हप्ता कोण देणार? ईएसआयमध्ये आजारपणाचा लाभ म्हणून सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, रोख मिळते. या माणसाच्या बाबतीत ती दिवसाला सुमारे ४२० रुपये होते. पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत आणि आधीच्या सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते, पण या अटी कायम कामावर असणाऱ्याला जड नाहीत. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत, किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी झालेल्याला, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण वेतन मिळते.

आणि अपघात. एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करताना एका तरुणाची दोन बोटे गेली, तेव्हा त्याच्या पगाराचे काम मी पाहत होतो. तो कामावर रुजू होऊन तीनच आठवडे झाले होते. कामावरील अपघातासाठी अंशदानाच्या दिवसांची अट नसते आणि पहिल्या दिवसापासून हक्क असतो. तो कामावर परत येईपर्यंत त्याला ९० टक्के दराने पैसे मिळाले आणि पुढे अपंगत्वाच्या टक्केवारीप्रमाणे दरमहा रक्कम सुरू झाली, जी तहहयात मिळते. कोणत्याही नेहमीच्या मेडिक्लेम पॉलिसीत ही सोय नसते. कामावर येता-जाता झालेला अपघातही, काही अटींवर, यात धरला जातो.

म्हणून ज्यांना ईएसआय लागू आहे त्यांना ती दिलीच पाहिजे आणि शक्य असेल तर वर गट विमाही द्यावा. गट विमा दाखवून ईएसआय टाळणे बेकायदेशीर आहे आणि त्यात कामगाराचे खरे नुकसान आहे.

पण ईएसआयच्या दवाखान्यांची अवस्था पाहिली आहे का?

पाहिली आहे. रांगा आहेत, औषधे संपलेली असतात, तज्ज्ञ डॉक्टरांची पदे रिकामी असतात आणि एका सहीसाठी माणसाचा अर्धा दिवस जातो. १७ डिसेंबर २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागून रुग्णांचे प्राण गेले. हे सगळे नाकारून योजनेची बाजू मांडणे कामगारांशी अप्रामाणिकपणाचे होईल.

या दुरवस्थेमागे एक कारण रचनेचे आहे, ते समजून घेतले पाहिजे. पैसा ईएसआय चालवणाऱ्या केंद्रीय महामंडळाकडे जमा होतो, पण पुष्कळ ठिकाणी दवाखाने आणि रुग्णालये राज्याची यंत्रणा चालवते. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य कामगार विमा सोसायटी आहे, तर काही रुग्णालये महामंडळ स्वतः चालवते. त्यामुळे औषध नसल्याची तक्रार नेमकी कोणाकडे करायची, हेच कामगाराला कळत नाही आणि दोन कार्यालयांमध्ये त्याची फाईल फिरत राहते. आपल्या परिसरातील चिंचवडचे रुग्णालय कोणाकडे आहे आणि बिबवेवाडीचे कोणाकडे, हे मालकांच्या संघटनांनाही पटकन सांगता येत नाही.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. मालक मंडळी अंशदान भरतात, पण त्या बदल्यात मिळणाऱ्या सेवेची चौकशी करीत नाहीत. कच्चा माल निकृष्ट आला तर त्याच दिवशी पुरवठादाराला फोन जातो. दरमहा ज्या सेवेसाठी आपण पैसे भरतो, तिच्यात महिनाभर रक्तदाबाची गोळी नव्हती याबद्दल एकाही मालकाने लेखी पत्र दिल्याचे मला आठवत नाही. औद्योगिक संघटनांनी वीज आणि रस्त्यांसाठी जेवढा पाठपुरावा केला, त्याच्या दशांश जरी या दवाखान्यांसाठी केला असता, तरी फरक दिसला असता.

ज्या उपचारांची सोय ईएसआयच्या रुग्णालयात नाही, त्यांसाठी संलग्न खासगी रुग्णालयात पाठवण्याची तरतूद आहे आणि हृदयशस्त्रक्रिया किंवा डायलिसिससाठी ती उपयोगी पडते. मात्र त्यासाठी आधी संदर्भपत्र घ्यावे लागते. तातडीच्या प्रसंगी ते नंतर घेता येते, हे फार थोड्यांना माहीत असते.

पगार २१,००० च्या वर गेला की काय होते?

येथे कायद्यात एक कडा आहे आणि तिच्यावरून माणसे खरोखर खाली पडतात. मर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी १५,००० वरून २१,००० झाली. तेव्हापासून पगार वाढत गेले, पण ही रेषा जागची हलली नाही. २०,८०० रुपयांवरच्या माणसाला ५०० रुपयांची पगारवाढ मिळाली की तो ईएसआयच्या बाहेर जातो. त्याची आई त्याच योजनेतून डायलिसिस घेत असेल, तर ५०० रुपयांच्या वाढीने त्या घराचे किती नुकसान होते याचा हिशेब कोणीही करू शकेल. पगारवाढ नको म्हणून हात जोडणारे कामगार मी पाहिले आहेत.

नियमाने एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन अंशदान काळ असतात. मध्येच मर्यादा ओलांडली तरी त्या काळाच्या शेवटापर्यंत अंशदान चालू राहते आणि त्यावर आधारलेले लाभ पुढेही काही महिने मिळतात. मालकाने या मिळालेल्या मुदतीतच गट विम्याची तयारी करावी. ज्या दिवशी ईएसआय संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशी गट विमा सुरू झाला पाहिजे आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ नको, असे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

माझ्या मते खरा उपाय सरकारच्या हातात आहे: ही मर्यादा किमान वेतनाशी किंवा महागाईशी जोडावी, म्हणजे ती आपोआप वाढत राहील.

कंत्राटी कामगारांचा विमा कोणी भरायचा?

जबाबदारी शेवटी मुख्य मालकाची असते. ज्याच्या आवारात काम चालते त्याने अंशदान भरायचे आणि ते कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करायचे, असे तत्त्व १९४८ च्या कायद्यापासून आहे. प्रत्यक्षात कंत्राटदार बिलासोबत अंशदान भरल्याच्या चलनाची प्रत जोडतो आणि ती कोणी वाचत नाही. चलनावर तीस नावे आणि गेटवर पन्नास माणसे, हा प्रकार मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. लेखा विभागाने दर महिन्याला चलनावरची नावे गेटच्या नोंदवहीशी ताडून पाहिली, तर अर्ध्या तासात हे उघड होते.

मालकाने पगारातून पैसे कापले पण भरले नाहीत, तर?

कापलेले पैसे न भरणे हा साधा उशीर नाही, तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो, कारण कामगाराकडून कापलेली रक्कम ही मालकाकडे विश्वासाने ठेवलेली रक्कम मानली जाते. अंशदान पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असते आणि उशीर झाल्यास वर्षाला १२ टक्के व्याज लागते, शिवाय दंड वेगळा. कामगाराला स्वतःच्या विमा क्रमांकावरून महामंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या नावे किती दिवसांचे अंशदान जमा झाले हे पाहता येते. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी, हे पाहून ठेवावे. आजारी पडल्यावर पाहिले तर उशीर झालेला असतो.

आमच्याकडे सातच माणसे आहेत. आम्ही काय करावे?

मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील, तर दहापेक्षा कमी माणसे असूनही स्वेच्छेने ईएसआयमध्ये येण्याची सोय नव्या संहितेत आहे. शक्य असल्यास हाच मार्ग निवडावा. ते जमले नाही, तर लहान गटांसाठीही विमा कंपन्या गट पॉलिसी देतात, परंतु गट लहान असला की एका मोठ्या आजारपणानंतर पुढच्या वर्षीचा हप्ता एकदम वाढतो. लहान उद्योजकांनी आपल्या संघटनेमार्फत एकत्र पॉलिसी घेतली तर हा झटका वाटून जातो.

येथे एक गोष्ट बोलून दाखवावीशी वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी माफ झाला, पण गट विम्यावर १८ टक्के कर कायम राहिला. सात माणसांचा विमा स्वतःच्या खिशातून काढणाऱ्या वर्कशॉपवाल्याकडून हा कर घेण्यामागचे कारण मला समजू शकलेले नाही.

सरकारची महात्मा फुले योजना आहे. मग मालकाने वेगळा खर्च का करावा?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ही महाराष्ट्राची मोठी मिळकत आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले आणि आता आयुष्मान भारतसोबत एकत्रितपणे प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती होती. विस्तारानंतर राज्यातील सर्व कुटुंबे तिच्यात आली. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, जी तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते.

तरीही या योजना ठराविक उपचारांच्या यादीवर आणि संलग्न रुग्णालयांवर चालतात. दर महिन्याच्या मधुमेहाच्या गोळ्या, तापासाठी डॉक्टरकडे दिलेली फी, बुडालेली रोजंदारी यांपैकी काहीही त्यांत येत नाही. आणखी एक तत्त्वाचा मुद्दा आहे. ज्या कामगाराच्या श्रमावर नफा मिळतो, त्याच्या आजारपणाचा सगळा भार करदात्यांवर टाकला, तर त्यातला काही भार त्या शेतमजुराच्या निधीवर पडतो, ज्याला मालकच नाही. मालकाने आपला वाटा उचलला की सरकारी पैसा त्या शेतमजुरासाठी मोकळा होतो.

हमाल, घरकामगार, डिलिव्हरी करणारी मुले: यांचा मालक कोण?

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच दिलेले आहे, आणि ते आपण पुरेसे सांगत नाही याचे मला वाईट वाटते. माथाडी कामगार सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर आणि दुपारी दुसऱ्याच्या गाळ्यावर गोण्या उचलतो. कोणताही एक व्यापारी त्याचा मालक नाही, म्हणून पूर्वी कोणीच जबाबदारी घेत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला आणि मंडळे स्थापन झाली. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही, म्हणजे जादा आकारही भरतो. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि वैद्यकीय सोय होते. नवी मुंबईत कोपरखैरणे येथे माथाडींचे स्वतःचे रुग्णालय उभे आहे.

या रचनेचे मर्म असे की, पैसा मालकांकडून येतो पण हक्क कामगाराच्या नावाने मंडळात राहतो. उद्या एका व्यापाऱ्याने गाळा बंद केला तरी हमालाचा विमा बंद होत नाही. बोगस नोंदणी, मंडळांमधील राजकारण आणि खंडणीच्या तक्रारी हे दोष या व्यवस्थेत शिरले आहेत आणि ते दूर झालेच पाहिजेत. तरी मूळ विचार आजच्या ॲपवर काम करणाऱ्या मुलांना जसाच्या तसा लागू पडतो. सामाजिक सुरक्षा संहितेने ॲग्रिगेटर, म्हणजे ॲपवरून कामे वाटणाऱ्या कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही, असे अंशदान ठेवले आहे. ही जवळजवळ लेव्हीच आहे.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकराची सोय केली. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळ कायदा आहे, पण त्यात मालकांकडून नियमित अंशदान येत नाही आणि म्हणूनच ते मंडळ दुबळे राहिले. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या चारही घरांनी महिन्याला पन्नास-शंभर रुपये तिच्या विम्यासाठी वेगळे काढले, तर तिचा वर्षाचा हप्ता निघण्यास मोठी मदत होते. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

नोकरी सुटली की विमा जातो. मग असा विमा काय कामाचा?

ही भीती खरी आहे. अमेरिकेत हा प्रश्न सर्वांत उघड दिसतो. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर बंधन घातले, तेव्हा माणसे टिकवण्यासाठी तेथील मालकांनी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली, पुढे करसवलतीने ती पद्धत पक्की झाली आणि आज असंख्य लोक केवळ विम्यासाठी नकोशी नोकरी धरून बसतात. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे चांगले ठाऊक आहे. जर्मनीत १८८३ पासून मालक आणि कामगार दोघेही पैसे भरतात, पण ते आजारपण निधीत जातात आणि नोकरी बदलली तरी निधी तोच राहतो. आपली ईएसआय या दुसऱ्या वाटेच्या जवळची आहे, कारण विमा क्रमांक कामगाराचा असतो आणि तो पुढच्या कारखान्यातही चालतो. किमान पाच वर्षे विमापात्र नोकरी करून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून पती-पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. हे इतक्या थोड्या निवृत्तांना माहीत आहे की, मी प्रत्येक निवृत्ती समारंभात ते मुद्दाम सांगतो.

खासगी गट विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि जुन्या आजारांसाठी पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ मोजून घेता येतो. त्यासाठी अर्ज नोकरीचा शेवटचा दिवस येण्यापूर्वी करावा. ज्यांना परवडेल त्यांनी नोकरीत असतानाच एक लहानशी स्वतःची पॉलिसी वेगळी चालू ठेवावी.

गट पॉलिसी घेताना मालकाने काय पाहावे?

विमा रकमेचा मोठा आकडा पाहून फसू नये. आधी खोलीभाड्याची मर्यादा पाहावी. पॉलिसीत दिवसाला ४,००० रुपयांची मर्यादा असेल आणि रुग्ण ८,००० च्या खोलीत राहिला, तर कपात केवळ भाड्यात होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च अशा संलग्न बाबीही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कापल्या जातात. रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला हे तेव्हा पहिल्यांदा कळते. आईवडिलांचा समावेश, बाळंतपणाचा खर्च आणि नवजात बाळाचे पहिल्या दिवसापासूनचे संरक्षण, या तीन गोष्टींवर कामगारांचे समाधान सर्वाधिक अवलंबून असते. आईवडिलांचा हप्ता परवडत नसेल, तर तो निम्मा कामगाराने भरावा अशी सोय करता येते आणि बहुतेक कामगार ती आनंदाने स्वीकारतात.

विमा दिला तर कामगार खोट्या रजा घेणार नाहीत का?

सत्तर टक्के पैशांसाठी कोणी सहजासहजी शंभर टक्के सोडत नाही, त्यातही पहिले दोन दिवस बिनपगारी जातात आणि विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. खोटी प्रमाणपत्रे कधीच निघत नाहीत असे मी म्हणणार नाही. पण तापात मशीनवर उभे राहून अपघात करून घेतलेली माणसे मी त्याहून अधिक पाहिली आहेत.

खासगी विमा कंपनीने दावा नाकारला तर कोठे जावे?

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या, म्हणजे रुग्णाने पैसे न भरता उपचार मिळण्याच्या, विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. नकार लेखी आणि कारणांसह मागावा. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि महिनाभरात समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही आणि गट विम्यातील कामगारही स्वतःच्या नावाने तक्रार करू शकतो. मालकाच्या मनुष्यबळ विभागाने कागद जमवून दिले, तर काम फार सोपे होते. आपण विमा काढून दिला, पुढचे कामगार आणि कंपनी पाहून घेतील, असे म्हणणे योग्य नाही.

नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी कामगाराने काय करावे?

विमा क्रमांक मागून घ्यावा आणि जुना असेल तर तोच द्यावा, नवा काढू देऊ नये, कारण दोन क्रमांक झाले की आधीच्या अंशदानाचे दिवस मोजले जात नाहीत. आधार कार्डावरचे नाव, जन्मतारीख आणि विम्यातली नोंद अक्षरशः जुळते का ते पाहावे. ‘पांडुरंग’ आणि ‘पांडूरंग’ एवढ्या फरकावर अडलेली प्रकरणे माझ्या टेबलावर आली आहेत. त्यानंतर कुटुंबातील प्रत्येकाचे नाव घालावे. पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्यासोबतच, नव्या संहितेनुसार, कामगार स्त्रीला आपल्या अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांची नावेही कुटुंबात घालता येतात. लग्न झाल्यावर आणि मूल झाल्यावर त्याच आठवड्यात नोंद वाढवावी. प्रसूतीनंतर बाळाला काचपेटीत ठेवण्याची वेळ येते, तेव्हा नाव घालण्यासाठी धावपळ करायला घरात कोणी मोकळे नसते.